दोन नळ्यांचा पाणबुड्या : जाक कुस्तो

विहिरीत सूर मारून तळाला गेल्यावर आपण किती वेळ खाली राहू शकतो? मनातल्या मनात पन्नास मोजेपर्यंत छाती फुटायला लागते आणि आपण धडपडत वर येतो. माशासारखं खाली आरामात फिरता आलं असतं तर किती मजा आली असती! ज्या माणसांनी हे खरंच करून दाखवलं त्यांच्यापैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे जाक कुस्तो. आज मी त्यांची माहिती लिहिली आहे.

जाक कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्स देशात झाला. त्यांच्या गावाचे नाव सेंट आंद्रे द क्युब्झाक. हे गाव बोर्दो शहराजवळ आहे. वडिलांचे नाव दानिएल आणि आईचे नाव एलिझाबेथ होते. त्यांना एक मोठा भाऊ होता. लहानपणी जाक अंगाने अगदी किडकिडीत होता आणि सारखा आजारी पडायचा. तरी त्याला पाण्याची भारी आवड.

जाक दहा वर्षांचा असताना, म्हणजे माझ्याएवढा असताना, त्याच्या आईवडिलांबरोबर अमेरिकेत राहायला गेला. तिथे सुट्टीत मुलांचे शिबिर होते. शिबिराजवळ एक तळे होते. तळ्यात झाडाच्या फांद्या पडलेल्या होत्या. उड्या मारताना त्या लागू नयेत म्हणून गुरुजींनी जाकला त्या काढायला लावल्या. त्याने पुन्हा पुन्हा बुड्या मारून फांद्या वर आणल्या. असं करता करता त्याला पाण्याखाली दम धरायची सवय झाली.

शाळेत मात्र त्याचे लक्ष नव्हते. यंत्रे खोलायची आणि परत जोडायची हाच उद्योग. पैसे साठवून त्याने लहानपणीच सिनेमा काढायचा कॅमेरा घेतला होता. एकदा त्याने शाळेच्या खिडक्यांच्या काचा फोडल्या म्हणून त्याला शाळेतून काढून टाकले. मग आईवडिलांनी त्याला लांबच्या कडक शिस्तीच्या वसतिगृहात घातले. तिथे तो नीट अभ्यास करू लागला. थोर माणसे लहानपणापासून शहाणी असतात असं पुस्तकात असतं, पण हे तसे नव्हते.

१९३० साली कुस्तो नौदलाच्या शाळेत दाखल झाले. पुढे त्यांना विमान चालवायचे होते. पण त्यांच्या मोटारीला रात्री मोठा अपघात झाला. दोन्ही हात मोडले. एक हात कापावा लागेल असं डॉक्टरांचं मत पडलं, पण कुस्तो यांनी साफ नकार दिला. कित्येक महिने त्यांनी हळूहळू बोटे हलवली, मग मनगट, मग हात. हात बरे झाले पण विमान गेलं ते गेलंच. हातात जोर यावा म्हणून ते तूलाँ या बंदराच्या गावी समुद्रात रोज पोहू लागले. तिथे त्यांचा मित्र फिलीप तायये होता. त्याने १९३६ साली कुस्तो यांना पाण्यात घालायचा चष्मा दिला. तो लावून त्यांनी तोंड पाण्यात बुडवलं मात्र, आणि बघतच राहिले! खाली गवत, दगड, मासे सगळं स्वच्छ दिसत होतं. डोकं वर काढलं की रस्ता, माणसं, विजेचे खांब. डोकं खाली घातलं की निराळीच दुनिया. त्या दिवसापासून त्यांना पाण्याचं वेडच लागलं.

१९३७ साली त्यांचे सीमोन यांच्याशी लग्न झाले. सीमोन यांचे वडील एअर लिक्विड नावाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. ही कंपनी निरनिराळे वायू टाक्यांत भरून विकते. हे ध्यानात ठेवा, पुढे याचा उपयोग आहे.

आता त्या काळी पाणबुडे कसे होते ते सांगतो. मोठ्या पाणबुड्याच्या डोक्यावर तांब्याचा जड टोप असायचा. पायात शिशाचे बूट. वर होडीत बसलेली माणसे पंपाने हवा मारायची आणि ती लांब नळीतून टोपात यायची. म्हणजे खुंटीला बांधलेल्या बैलासारखेच झाले! नळी जेवढी लांब तेवढेच फिरायचे. पोहता तर येतच नाही, तळावर चालायचे. नळी कुठे अडकली की संपलं.

काही जण म्हणतील, आपण एक लांब पोकळ नळी तोंडात धरायची आणि तिचं वरचं टोक पाण्याच्या वर ठेवायचं, सोपं आहे. पण ते चालत नाही. पाणी आपली छाती चहूबाजूंनी दाबतं. जरासं खोल गेलं की छाती फुगतच नाही, मग हवा आत येणार कशी? १० मीटर म्हणजे सुमारे ३३ फूट खोल गेल्यावर वरच्यापेक्षा दुप्पट दाब असतो. २० मीटरवर तिप्पट. म्हणून जेवढ्या दाबाचे पाणी बाहेर, तेवढ्याच दाबाची हवा तोंडात आली पाहिजे. कमी आली तर ओढता येत नाही आणि जास्त आली तर छातीला धोका. खरी अडचण ही होती.

कुस्तो यांनी आधी शुद्ध ऑक्सिजन वापरून पाहिला. त्यासाठी त्यांनी गॅसचा मुखवटा, ऑक्सिजनची बाटली आणि मोटारसायकलच्या चाकाची ट्यूब जोडून एक यंत्र बनवले. ते घालून खाली गेल्यावर सुमारे १४ मीटरवर त्यांना झटके येऊ लागले. कमरेचा वजनाचा पट्टा कसाबसा सोडला म्हणून वर आले. यंत्र सुधारून पुन्हा गेले तर पुन्हा तसेच. दुसऱ्या वेळी तर ते बेशुद्धच झाले आणि होडीतल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. ऑक्सिजनशिवाय आपण जगत नाही हे आपण विज्ञानात शिकलो. पण नुसता ऑक्सिजन खोल पाण्यात विषासारखा होतो. म्हणून पाणबुड्याच्या पाठीवर ऑक्सिजनची टाकी असते असं जे लोक म्हणतात ते चूक आहे. नेहमीच्या पाणबुड्याच्या टाकीत आपण घेतो तीच साधी हवा असते, फक्त दाबून भरलेली.

तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४० साली जर्मनीने फ्रान्स जिंकला. पेट्रोल मिळेना. मग लोक मोटारी लाकडाच्या आणि कोळशाच्या गॅसवर चालवू लागले. पॅरिसमध्ये एमिल गान्यां नावाचे एक इंजिनियर होते. ते एअर लिक्विड कंपनीतच होते. मोटारीच्या इंजिनाला हवा तेवढाच गॅस आपोआप मिळावा म्हणून त्यांनी एक छोटी झडप बनवली होती. आपल्या घरी गॅसच्या टाकीवर रेग्युलेटर असतो ना, त्याच जातीचा प्रकार.

१९४२ च्या डिसेंबरात कुस्तो सासऱ्यांच्या ओळखीने गान्यां यांना भेटले. त्यांनी आपली अडचण सांगितली. मला टाकीतली हवा अशी पाहिजे की मी श्वास ओढला की यावी आणि सोडला की थांबावी, मला हाताने तोटी फिरवायला लागू नये. गान्यां यांनी आपली मोटारीची झडप पुढे केली. दोघांनी मिळून काही आठवड्यांत यंत्र तयार केले.

मात्र असं यंत्र त्यांच्या आधी कुणाला सुचलंच नव्हतं असं नाही. १८६० नंतर फ्रान्समध्येच रुकेरोल आणि देनेरूझ या दोघांनी असंच पडद्याचं यंत्र केलं होतं. पण तेव्हा टाक्यांत जास्त हवा दाबून भरता येत नव्हती. त्यानंतर ल प्रिअर नावाच्या अधिकाऱ्यांनी पाठीवरची टाकी केली. पण तिची हवा सारखी वाहायची आणि लवकर संपायची. तोटी लावून विसरलेल्या नळासारखी. एकावर एक असं करत करतच हे झालं आहे.

आता यंत्र कसं चालतं ते नीट वाचा. पाठीवर हवेच्या टाक्या असतात. आपल्याकडे फवारणीचा पंप पाठीवर घेतात तशा. टाकीच्या वरच्या बाजूला, म्हणजे मानेच्या मागे, गजराच्या घड्याळाएवढी एक डबी असते. डबीत रबराचा गोल पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला समुद्राचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा. पाणबुड्याने श्वास ओढला की पडदा आत वाकतो. तो एका दांडीला ढकलतो आणि दांडी टाकीची झडप उघडते. हवा सुटते आणि रबरी नळीतून तोंडात येते. श्वास ओढणं थांबलं की पडदा परत जागेवर आणि झडप बंद. पाणी जेवढ्या जोराने पडद्याला दाबेल तेवढ्याच दाबाची हवा येते. खोल गेलं तर जास्त दाबाची, वर आलं तर कमी. पाणीच हवा मोजून देतं म्हणा ना! मला तर ही युक्ती फार आवडली.

पहिली परीक्षा १९४३ च्या जानेवारीत मार्न नदीत घेतली. थंडीचे दिवस होते. गान्यां काठावर उभे राहिले आणि कुस्तो पाण्यात उतरले. आडवे पोहताना सगळं छान चाललं. पण सरळ उभे राहिले की हवा भसाभसा बाहेर पडून वाया जाऊ लागली. आणि डोकं खाली केलं की हवा ओढताच येईना. दोघे निराश होऊन परत निघाले. पण वाटेतच त्यांना कारण सापडलं.

कारण समजायला एक प्रयोग करा. पाण्याने भरलेल्या टिपात रबरी नळीचं एक टोक बुडवा आणि दुसऱ्या टोकाने फुंका. टोक वरवर असलं तर बुडबुडे सहज येतात. टोक तळाला नेलं तर फुंकायला जास्त जोर लागतो. म्हणजे थोड्या खोलीनेसुद्धा फरक पडतो. कुस्तो यांच्या पहिल्या यंत्रात हवा आत यायची जागा आणि वापरलेली हवा बाहेर जायची जागा यांत सुमारे १५ सेंटिमीटर अंतर होतं. एका विटेपेक्षाही कमी! पण उभं राहिल्यावर बाहेर जायची जागा वर जायची, तिथे पाण्याचा दाब कमी, म्हणून हवा तिकडून पळायची. उलटं झालं की त्याच्या उलट.

मग त्यांनी काय केलं? वापरलेली हवा तोंडापाशी न सोडता दुसऱ्या नळीने परत मानेमागे नेली आणि पडद्याच्या अगदी जवळ सोडली. तिथे बदकाच्या चोचीसारखी रबराची चपटी झडप असते. हवा बाहेर जाते पण पाणी आत येत नाही. आता माणूस आडवा होवो, उभा राहो की कोलांटी मारो, दोन्ही जागा एकाच पातळीवर. म्हणून या यंत्राला दोन नळ्या. चित्रात बघा, पाणबुड्याच्या दोन्ही गालांजवळून दोन घड्या-घड्यांच्या नळ्या मागे गेलेल्या दिसतात. एक हवा आणते आणि दुसरी घेऊन जाते. मला आधी वाटायचं की दोन टाक्या म्हणून दोन नळ्या. तसं नसतं.

पॅरिसमध्ये पाण्याच्या हौदात त्यांनी पुन्हा परीक्षा घेतली. कुस्तो उभे राहिले, आडवे झाले, उलटे झाले. हवा बरोबर येत होती. दोघांना फार आनंद झाला.

१९४३ च्या जून महिन्यात बांदोल नावाच्या गावी आगगाडीने एक लाकडी पेटी आली. पेटीत नवे यंत्र होते. कुस्तो, तायये आणि तिसरा मित्र फ्रेदरिक द्युमा यांनी ती पेटी समुद्रावर नेली. लढाईचे दिवस, शत्रूचे सैनिक गावात, म्हणून ते एका आडबाजूच्या किनाऱ्यावर गेले. द्युमा तिघांत सर्वांत पटाईत पोहणारा. काही झालंच तर उडी टाकायला तो काठावर तयार राहिला. सीमोन डोळ्यांवर चष्मा लावून पाण्यावर तरंगत राहिल्या आणि वरून नवऱ्याकडे लक्ष ठेवू लागल्या. मग कुस्तो खाली गेले.

यंत्र जमिनीवर जड होतं पण पाण्यात त्याचं वजन वाटेना. त्यांनी श्वास घेतला, सोडला, मानेमागून बुडबुडे वर गेले. त्यांनी पाण्यात कोलांट्या मारल्या. एका बोटावर उलटे उभे राहिले. खाली एक कपार होती, तिच्यात मोठमोठे शेवंड होते. कोकणातले लोक शेवंड म्हणतात तो मोठ्या मिशांचा कोळंबीसारखा प्राणी. लढाईमुळे लोकांना पोटभर खायला मिळत नव्हतं. कुस्तो यांनी एकेक शेवंड धरून सीमोन यांच्याकडे दिला आणि त्यांनी तो वर नेला. त्या उन्हाळ्यात सगळ्या मित्रांनी मिळून सुमारे ५०० बुड्या मारल्या.

पण या कामात धोका फार होता. १९४३ च्याच ऑक्टोबरात द्युमा ६२ मीटरपर्यंत खोल गेला. तिथे त्याला दारू प्यायल्यासारखं झालं, उगीचच आनंद वाटू लागला. हवेतला नायट्रोजन खोल पाण्यात माणसाला गुंगी आणतो. गुंगीत माणसाला वाटतं आता यंत्राची गरजच नाही. म्हणून ही गुंगी वाईट. दुसरा नियम म्हणजे वर येताना श्वास रोखून धरायचा नाही. दाब कमी झाला की छातीतली हवा फुग्यासारखी फुगते.

सर्वांत भयंकर प्रसंग १९४६ साली घडला. फ्रान्समध्ये व्होक्लूझ नावाचा एक झरा आहे. डोंगराच्या पायथ्याशी गुहा आणि गुहेत पाण्याने भरलेलं खोल विवर. दरवर्षी त्या झऱ्याला पूर येतो. एवढं पाणी कुठून येतं ते कोणालाच कळत नव्हतं. ते पाहायला ऑगस्ट महिन्यात कुस्तो आणि द्युमा दोघे दोराला धरून खाली उतरले. वर दोर धरायला मोरिस फार्ग नावाचा त्यांचा सोबती होता. दोराला तीन हिसके म्हणजे दोर आणखी सोडा, सहा हिसके म्हणजे वर ओढा, असं ठरलं होतं.

आत काळाकुट्ट अंधार. बर्फासारखं पाणी. सुमारे ६० मीटरवर दोघांची डोकी जड झाली. आपण कशासाठी आलो तेच कुस्तो विसरून गेले. द्युमाच्या कपड्यात पाणी शिरलं, त्याला भान राहीना, तोंडातली नळी सुटायला लागली. कुस्तो यांनी त्याला धरून दोर हिसकला. वर फार्गला वाटलं आणखी दोर पाहिजे, त्याने दोर सोडला! कुस्तो पुन्हा हिसकत, फार्ग पुन्हा सोडी. असं करत दोर खाली येतच राहिला. शेवटी कुस्तो हातांनी दोरावर चढू लागले. तेव्हा फार्गला संशय आला आणि त्याने सगळा जोर लावून दोघांना वर ओढलं. द्युमाला वर आल्यावर शुद्धीवर आणावं लागलं. इथे मी वाचताना खूप घाबरलो होतो.

असं का झालं? त्यांनी टाक्यांतली हवा तपासली. टाक्या भरायच्या कॉम्प्रेसरचं इंजिन धूर सोडत होतं आणि तोच धूर कॉम्प्रेसर परत आत ओढत होता. टाक्यांत विषारी वायू भरला गेला होता. यंत्र चांगलं, माणसं हुशार, झरा तर नुसता झरा, आणि जीव जाणार होता तो जमिनीवर भरलेल्या हवेमुळे. म्हणून आजही पाणबुड्यांची हवा भरताना धूर नाही ना हे आधी बघतात. ज्या फार्गने त्या दोघांना वाचवलं तो मात्र पुढच्याच वर्षी गेला. १९४७ च्या सप्टेंबरमध्ये किती खोल जाता येतं ते पाहायला तो समुद्रात उतरला. दोराला जागोजागी पाट्या बांधल्या होत्या. तिथपर्यंत पोचल्याची खूण म्हणून पाटीवर सही करायची. १२० मीटरच्या पाटीवर त्याची सही होती. पण त्याला वर काढलं तेव्हा नळी तोंडातून सुटलेली होती. मित्रांनी तासन् तास प्रयत्न केले पण तो शुद्धीवर आला नाही. त्या यंत्राने एवढ्या खोल कोणी जाऊ नये हे तेव्हा सर्वांना कळले. आता हौसेने बुडणाऱ्यांना ४० मीटरच्या खाली जाऊ देत नाहीत.

लढाई संपल्यावर हे दोन नळ्यांचं यंत्र दुकानात विकायला आलं. त्याचं नाव ॲक्वालंग, म्हणजे पाण्यातलं फुप्फुस. गान्यां कॅनडात राहायला गेले आणि तिथे बसून यंत्रे सुधारत राहिले. त्यांचं नाव आता फारसं कोणी घेत नाही. मला वाटतं दोघांचं नाव बरोबर घेतलं पाहिजे, कारण झडप गान्यां यांची होती.

१९५० साली कुस्तो यांना कॅलिप्सो नावाचं जहाज मिळालं. ते लढाईतलं सुरुंग काढायचं लाकडी जहाज होतं. एका श्रीमंत इंग्रज माणसाने ते विकत घेऊन वर्षाला फक्त एक फ्रँक भाड्याने कुस्तो यांना दिलं. म्हणजे जवळजवळ फुकटच. पण आतलं सामान घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा सीमोन यांनी आपले दागिने विकले. पुढे कितीतरी वर्षे त्या जहाजावरच राहिल्या. खलाशांचं दुखणंखुपणं, जेवणखाण सगळं बघायच्या. पण सिनेमात त्या फारशा दिसत नाहीत, कारण त्यांनाच ते आवडायचं नाही.

कॅलिप्सोवरून त्यांनी तांबडा समुद्र पाहिला. १९५२ साली मार्सेय शहराजवळ समुद्राच्या तळाशी बुडालेल्या फार जुन्या जहाजांतून त्यांनी मातीचे हजारो रांजण आणि भांडी काढली. दोन हजार वर्षांपूर्वी त्या रांजणांतून द्राक्षाची दारू नेत असत.

१९५६ साली कुस्तो आणि लुई माल यांचा समुद्राखालचा सिनेमा आला. त्याचं नाव मौनाची दुनिया असं होतं. तो रंगीत होता. जगातल्या मोठ्या मोठ्या बक्षिसांपैकी दोन बक्षिसे त्याला मिळाली. पण त्या सिनेमात काही गोष्टी चांगल्या नाहीत. जहाजाचा पंखा लागून एक देवमाशाचं पिल्लू जखमी झालं आणि मेलं. ते खायला शार्क आले तर खलाशांनी रागाने त्या शार्कना मारलं. मासे मोजायला पाण्यात सुरुंगसुद्धा उडवला. शार्कचा त्यात काय दोष? त्यांनी त्यांचं खाणं खाल्लं.

नंतर मात्र कुस्तो बदलले. जिथे पूर्वी खूप मासे दिसायचे तिथे आता रिकामे दगड आणि कचरा दिसायला लागला होता. १९६० साली सरकार अणुभट्टीचा विषारी कचरा भूमध्य समुद्रात टाकणार होते. कुस्तो यांनी त्याच्याविरुद्ध लोकांना जागं केलं. बाया आणि मुलं रेल्वेच्या रुळांवर जाऊन बसली आणि कचऱ्याची गाडी परत गेली. मुलंसुद्धा होती हे वाचून मला बरं वाटलं.

१९६२ साली त्यांनी पाण्याखाली १० मीटरवर लोखंडाचं घर बांधलं. दोन माणसं त्यात एक आठवडा राहिली. ती रोज पाण्यात काम करायला बाहेर जायची. त्यानंतर तांबड्या समुद्रात मोठं घर केलं, तिथे माणसं महिनाभर राहिली. ते घर अजून थोडं पाण्याखाली उरलं आहे. १९६८ पासून त्यांचे कार्यक्रम दूरदर्शनसंचावर देशोदेशी दिसू लागले. डोक्यावर लाल टोपी ही त्यांची खूण. जुने तांब्याच्या टोपाचे पाणबुडे आतून लोकरीची लाल टोपी घालायचे, त्यांच्या आठवणीसाठी कुस्तो ती घालत.

त्यांना दोन मुलगे, जाँ मिशेल आणि फिलीप. धाकटा फिलीप बापाबरोबर सिनेमे काढायचा. १९७९ साली पाण्यावर उतरणारं विमान चालवताना अपघात होऊन तो वारला.

हळूहळू दोन नळ्यांचं यंत्र मागे पडलं. ऑस्ट्रेलियात टेड एल्ड्रेड यांनी १९५२ च्या सुमारास एकाच नळीचं यंत्र बाजारात आणलं होतं. त्यात पडदा तोंडापाशीच असतो. त्यामुळे हवा ओढायला सोपी जाते, दुसरी नळी लागत नाही आणि दुरुस्तीही सोपी. आपल्याकडे मालवणजवळ तारकर्लीला समुद्रात बुडी मारायला नेतात तिथे तुम्हांला एका नळीचंच यंत्र दिसेल. पण दोन नळ्यांचा एक फायदा होता. बुडबुडे मानेमागून जायचे, डोळ्यांपुढून नाही. फोटो काढणाऱ्यांना ते बरं पडायचं आणि मासेही कमी बुजायचे. म्हणून अजूनही काही हौशी लोक जुनी दोन नळ्यांची यंत्रे दुरुस्त करून वापरतात. रबर नवं घालतात, डबी जुनीच.

१९९० साली सीमोन वारल्या. १९९६ साली सिंगापूर बंदरात कॅलिप्सोला दुसऱ्या बोटीची धडक बसली आणि ते बुडालं. मग ते वर काढलं. त्याच्या पुढच्या वर्षी, २५ जून १९९७ रोजी, जाक कुस्तो पॅरिसला वारले. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. सीमोन यांची रक्षा समुद्रात सोडली होती. कुस्तो यांना त्यांच्या जन्मगावी, सेंट आंद्रे द क्युब्झाकला, जमिनीत पुरलं आहे.